तांब्या, पन्नास बटणे आणि सरमिसळ : दहावीच्या गटाच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर आज गट पहिल्यांदा बसला. दोन मुली, दोन मुलगे. विषय त्यांनीच आणला : पिशवीतून न बघता एक वस्तू काढायची, रंग लिहायचा, वस्तू परत ठेवायची, पुन्हा काढायची. दोन्ही वेळा पांढरीच येण्याची संभाव्यता किती?

गणित भाग १ च्या पाचव्या प्रकरणात हा प्रश्न जरा वेगळ्या वेशात येऊन जातो. ‘अंकांची पुनरावृत्ती न करता दोन अंकी संख्या तयार करा’ आणि ‘पुनरावृत्ती चालेल’ अशी दोन्ही तऱ्हेची उदाहरणे तिथे आहेत. एकदा वापरलेला अंक पुन्हा घेता येतो म्हणजे तो पिशवीत परत गेला, घेता येत नाही म्हणजे बाहेर राहिला. मुलांना हे सांगितल्यावर वही सांभाळणारी मुलगी म्हणाली, “मग बाई, हे आपण आधीच केलंय की.” केले आहे, पण कागदावर. या वेळी हाताने करायचे.

वस्तू कोणती घ्यायची यावर बराच वेळ गेला. आधी चिंचोके ठरले होते, काही तसेच आणि काही चुना लावून पांढरे. पण चुना लावलेला चिंचोका बोटाला खरखरीत लागतो, साधा गुळगुळीत. डोळे मिटले तरी बोटांना रंग कळतो, मग तो प्रयोग कशाचा? शेवटी गावातल्या शिंप्याकडून शर्टाची बटणे आणली. एकाच साच्यातली, चार भोकांची, ३० पांढरी आणि २० काळी. चौघांनी डोळे मिटून चाचपून पाहिली. कोणालाही रंग ओळखता आला नाही.

भांडे म्हणून घरचा तांब्या दिला. आत दिसत नाही, हात जेमतेम जातो, म्हणून सोयीचा वाटला.

बुधवार, १३ नोव्हेंबर

बटणांना हात लावण्याआधी अपेक्षा कागदावर मांडायची, असा नियम केला आहे. आकडे आधी लिहिलेले नसले की निकाल काहीही आला तरी मन त्याला ‘बरोबरच आहे’ म्हणते.

नमुना अवकाश, म्हणजे शक्य असलेल्या सगळ्या निकालांची यादी, असा. पहिल्यांदा ५० बटणांपैकी कोणतेही एक, ते परत ठेवले म्हणून दुसऱ्यांदाही ५० पैकी कोणतेही एक. एकूण ५० × ५० = २५०० जोड्या. दोन्ही पांढरी असलेल्या ३० × ३० = ९००. संभाव्यता ९००/२५०० = ०.३६. ०.६ × ०.६ केले तरी तेच येते. गुणाकाराचा नियम या इयत्तेच्या पुस्तकात नाही, पण तो बाहेरून आणावा लागला नाही. जोड्या मोजता मोजता मुलांना आपोआप दिसला. तसेच पांढरे-काळे ०.२४, काळे-पांढरे ०.२४, काळे-काळे ०.१६. चारींची बेरीज १.

पुढे मी विचारले, तीनदा काढले तर निदान एकदा तरी काळे येण्याची संभाव्यता किती? दोघांनी ०.४ + ०.४ + ०.४ = १.२ लिहिले आणि डावखुऱ्या मुलाने स्वतःच पेन थांबवला. “एकापेक्षा जास्त कशी येईल?” या चुकीवर अर्धा तास खुशाल घालवला, कारण स्वतंत्र घटनांच्या, म्हणजे एकीचा दुसरीवर परिणाम होत नाही अशा घटनांच्या, गणितात सगळ्यात जास्त माणसे इथेच घसरतात. नुसती बेरीज करताना दोनदा काळे आलेली निष्पत्ती दोनदा मोजली जाते, तीनदा आलेली तीनदा. त्यापेक्षा उलट बाजूने जावे : एकदाही काळे नाही म्हणजे तिन्ही वेळा पांढरे, ०.६ × ०.६ × ०.६ = ०.२१६. ते १ मधून वजा केले की ०.७८४.

शनिवारी २०० जोड्या काढायच्या. अपेक्षा ७२, ४८, ४८, ३२. एकाच रंगाच्या जोड्या मिळून १०४. त्या नेमक्या १०४ येणार नाहीत. सात-आठने पुढे-मागे होणे साहजिक आहे, हेही लिहून ठेवले.

शनिवार, १६ नोव्हेंबर

सकाळची शाळा सुटल्यावर बसलो. एक जण काढतो, एक जण रंग सांगतो, वहीवाली लिहिते, चौथा जोड्या मोजतो. दर ५० जोड्यांनी जागा बदलल्या. तासाभरात २०० जोड्या झाल्या.

पांढरे-पांढरे ९०
पांढरे-काळे ३१
काळे-पांढरे ३४
काळे-काळे ४५

एकाच रंगाच्या जोड्या १३५. अपेक्षा १०४ ची होती.

मुलांचे चेहरे उतरले. एकाने हळूच विचारले, “बाई, थोडे आकडे जुळवून घेऊ का?” रागावले नाही, पण नाही म्हटले. वहीच्या त्या पानावर तारीख घातली आणि चौघांच्या सह्या घेतल्या. हे पान प्रकल्पाच्या तक्त्यावर लागणार आहे.

रविवार, १७ नोव्हेंबर

घरी शांतपणे पाहिले. पहिली शंका अशी की बटणांची मोजणीच चुकली असेल. पण नाही. पहिल्या खेपेला पांढरे १२१ वेळा आले (९० + ३१), दुसऱ्या खेपेला १२४ वेळा (९० + ३४). अपेक्षा १२०. एकेक खेप वेगळी पाहिली तर कुठेही बोट ठेवायला जागा नाही. पांढऱ्याचे प्रमाण अगदी ०.६ च्या जवळ आहे.

मग दुसरी खेप पहिलीच्या रंगाप्रमाणे वेगळी केली. पहिले पांढरे आले अशा १२१ जोड्या, त्यांतल्या ९० मध्ये दुसरेही पांढरे. ते ०.७४. पहिले काळे आले अशा ७९ जोड्या, त्यांतल्या ३४ मध्ये दुसरे पांढरे. ते ०.४३. दोन्ही ठिकाणी ०.६ च्या आसपास हवे होते. दुसऱ्या बटणाला पहिल्याचा रंग कुठून तरी ‘कळतो’ आहे.

प्रमाण बरोबर असणे वेगळे आणि घटना स्वतंत्र असणे वेगळे, हे मी वर्गात कितीदा तरी सांगितले असेल. माझ्या हातच्या आकड्यांत ते इतके उघडे मात्र आजच पाहिले. नुसते प्रमाण तपासून आम्ही थांबलो असतो तर सगळे ठीक आहे म्हणून वही मिटली असती.

सोमवार, १८ नोव्हेंबर

मुलांना काही न सांगता पुन्हा वीस जोड्या काढायला लावल्या आणि या वेळी वहीकडे न बघता हातांकडे बघत राहिले.

डावखुरा मुलगा बटण काढतो, रंग सांगतो, चिमटीतले बटण तांब्याच्या तोंडातून सोडतो. बारीक ‘टिक्’ असा आवाज येतो, वरच्या बटणांवर पडल्याचा. बोटे अजून तांब्याच्या गळ्यातच. ती तशीच खाली जातात आणि वरचे एक बटण उचलून वर येतात. गळा अरुंद असल्याने मनगट आत जात नाही, बोटे वरच्या थरापलीकडे पोचत नाहीत. आत्ताच टाकलेले बटण त्याच थरात, बोटांच्या अगदी खाली पडलेले असते.

शंका पक्की करायला बटणांवर मार्करने आकडे घातले. पांढऱ्यांवर १ ते ३०, काळ्यांवर ३१ ते ५०. मग पहिल्याच पद्धतीने ६० जोड्या काढल्या आणि रंगाऐवजी आकडा लिहिला. प्रत्येक बटण खरोखर समसंभाव्य, म्हणजे हातात येण्याची सारखीच शक्यता असलेले, असेल तर लगेच तेच बटण पुन्हा येण्याची संभाव्यता ५० त १, म्हणजे ६० जोड्यांत एखाद-दुसऱ्यांदा. आले १९ वेळा.

तीन जोड्यांतून जवळजवळ एकदा तेच बटण परत हातात. हा आकडा शनिवारच्या पानाला लावून पाहिला. एक तृतीयांश वेळा तेच बटण आणि उरलेल्या दोन तृतीयांश वेळा पन्नासांतले कोणतेही एक, असे धरले तर पांढऱ्यानंतर पांढरे येण्याचे प्रमाण १/३ + २/३ × ०.६ = ०.७३ आणि काळ्यानंतर पांढरे २/३ × ०.६ = ०.४०. आमचे आकडे ०.७४ आणि ०.४३. वहीवालीने हे गणित फळ्यावर स्वतः केले आणि खडू खाली ठेवून बराच वेळ बघत राहिली.

‘परत ठेवले’ असे आम्ही प्रत्येक जोडीपुढे लिहीत होतो आणि ते खोटे नव्हते. बटण तांब्यात परत जात होते, पण इतर बटणांत मिसळत नव्हते.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

मंगळवार-बुधवार विधानसभेच्या मतदानाची ड्युटी होती. आज घरीच.

ड्युटीच्या कागदांतून एक शब्द मिळाला, तो इथे नोंदवते. मतदान यंत्रे आणि कर्मचारी कोणाच्या वाट्याला कोणते जातील हे संगणकावर यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणाच्या मर्जीने नव्हे तर निव्वळ योगायोगाने, ठरते. सरकारी मराठीत त्याला ‘सरमिसळ’ म्हणतात. यंत्रांची पहिली सरमिसळ, दुसरी सरमिसळ, कर्मचाऱ्यांची तिसरी सरमिसळ. ती तिसरी झाल्याशिवाय आपले केंद्र कोणते ते कळत नाही. साहित्य घ्यायला रांगेत उभी असताना हा शब्द सारखा कानावर पडत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे तांब्या येत होता. पाठ्यपुस्तकातला ‘यादृच्छिक’ हा शब्द मुले पाठ करतात, पण तो म्हणजे करायचे काय, हे त्यातून हाताला कळत नाही. सरमिसळ म्हटले की कोणीतरी हात लावायचा आहे हे लगेच समजते.

नवी पद्धत अशी ठरवली. तांब्या बाद. जुन्या ओढणीची नाडीची पिशवी शिवली, मनगटापर्यंत हात सहज आत जाईल इतकी. बटण टाकायचे, नाडी ओढायची, पिशवी दहा वेळा उलटीपालटी करायची. मग ती दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि त्याने डोळे मिटून तळापर्यंत हात घालून काढायचे. दहा हा आकडा माझा अंदाजाचा आहे.

शनिवार, २३ नोव्हेंबर

मतमोजणीचा दिवस. रस्त्यावर फटाके आणि गुलाल, आत आम्ही पिशवी उलटीपालटी करतो आहोत. दर वेळी सरमिसळ करायची म्हणजे एका बटणाला वीस सेकंद लागतात. २०० जोड्यांना सव्वादोन तास लागले. मुले कंटाळली, पण दहाची नऊ कोणी केली नाही. केली असती तर वहीवालीने चालू दिली नसती.

पांढरे-पांढरे ७३
पांढरे-काळे ५२
काळे-पांढरे ४३
काळे-काळे ३२

एकाच रंगाच्या १०५. पांढऱ्यानंतर पांढरे ७३/१२५, म्हणजे ०.५८. काळ्यानंतर पांढरे ४३/७५, म्हणजे ०.५७. दोन्ही ०.६ च्या जवळ, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही एकमेकांच्या जवळ. जोडीतल्या दुसऱ्या खेपेला तोच आकडा पुन्हा ५ वेळा आला. २०० जोड्यांत अपेक्षा ४.

मध्येच एकदा ओळीने सात पांढरी आली. चष्मेवाला मुलगा उठून उभाच राहिला : “आता काळंच येणार!” आले पांढरे, आठवे. मी काही बोलले नाही. शेवटी सगळ्या ४०० खेपांची एक सलग रांग लिहिली आणि त्यालाच काम दिले : ओळीने तीन पांढरी कुठे कुठे आली ते शोध आणि त्यापुढचे बटण कोणते ते लिही. त्याला अशा ८३ जागा सापडल्या. ४८ ठिकाणी पुढचेही पांढरे. ०.५८. रांग लांबली म्हणून पिशवीने काळे बाहेर ढकलले नाही. पिशवीला वही नसते, असे तोच म्हणाला. मला हे वाक्य फार आवडले.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

आता उलट बाजू : परत ठेवलेच नाही तर?

पन्नास बटणांत हा फरक प्रयोगाने दिसणे अवघड. परत ठेवून ०.३६, न ठेवता (३० × २९)/(५० × ४९), म्हणजे ०.३५५. इतका बारीक फरक २०० जोड्यांच्या चढउतारात बुडून जातो. म्हणून छोटी पिशवी घेतली : ३ पांढरी, २ काळी. प्रमाण तेच, बटणे पाचच.

याचा नमुना अवकाश चौकटींच्या कागदावर मांडला, आणि या प्रकल्पातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथे घडली. पाच आडवे, पाच उभे, २५ घरे. आडवी ओळ पहिले बटण सांगते, उभी दुसरे. पांढरे-पांढरे ९ घरे, पांढरे-काळे ६, काळे-पांढरे ६, काळे-काळे ४. परत ठेवायचे असेल तर पंचवीसही घरे चालतात. न ठेवता काढायचे तर कोणती घरे जातील? मुलीने लाल पेन्सिलने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी ओळ खोडली : पहिले आणि दुसरे बटण एकच असलेली पाच घरे. त्यांतली तीन पांढऱ्यांची, दोन काळ्यांची. उरले ६, ६, ६, २. वीस घरे.

मिश्र रंगांच्या घरांना धक्काही लागत नाही, कारण एक बटण एकाच वेळी पांढरे आणि काळे नसते. जे जाते ते एकाच रंगाच्या घरांतून जाते. म्हणून परत ठेवले की एकाच रंगाच्या जोड्या १३/२५, म्हणजे ०.५२. न ठेवता ८/२०, म्हणजे ०.४०. आणि गंमत अशी की न ठेवताही दुसऱ्या खेपेला पांढरे येण्याची संभाव्यता (६ + ६)/२० = ३/५ च राहते. प्रमाण तेच, स्वातंत्र्य मात्र गेलेले. रविवारी घरी दिसले होते तेच पुन्हा.

मग तांब्याची चूकही याच कागदावर बसली. परत न ठेवणे म्हणजे तिरकी ओळ खोडणे. परत ठेवून न हलवणे म्हणजे तीच तिरकी ओळ पुन्हापुन्हा गिरवणे. स्वतंत्र घटना हव्या असतील तर त्या पाच घरांना इतर घरांइतकाच वाव हवा, कमी नाही आणि जास्त नाही. पन्नास बटणांच्या चौकटीत ही ओळ २५०० पैकी ५० घरांची, शंभरात दोन. म्हणून मोठ्या पिशवीत परत ठेवा किंवा ठेवू नका, उत्तर जवळजवळ तेच येते. हलवले नाही तर मात्र मोठी पिशवीही वाचवत नाही.

प्रयोगाचे आकडे, प्रत्येकी २०० जोड्या. परत ठेवून : ६८, ५३, ४६, ३३. एकाच रंगाच्या १०१, अपेक्षा १०४. न ठेवता : ५७, ६३, ५५, २५. एकाच रंगाच्या ८२, अपेक्षा ८०.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

चष्मेवाल्याच्या मनातून ‘आता काळेच येणार’ अजून गेलेले नाही. त्याचे कारण आज कळले. घरी आईची भिशी आहे. बारा जणी, दर महिन्याला एक चिठ्ठी निघते. नऊ महिने झाले, आईचे नाव अजून आलेले नाही. “आता लवकरच लागेल असं आई म्हणते. मग ते पण चूक का?”

चूक नाही. तिचे म्हणणे अगदी बरोबर आहे. भिशीत निघालेली चिठ्ठी परत टाकत नाहीत. आता तीनच उरल्या, तेव्हा या महिन्यात तिला लागण्याची संभाव्यता १/३. पहिल्या महिन्यात ती १/१२ होती. इथे मागच्या निकालांमुळे पुढची शक्यता खरोखर वाढते. मुलगा घरात जे बघत आला तेच त्याने पिशवीला लावले. फरक एवढाच की आमच्या पिशवीत बटण परत जाते.

मग चिठ्ठी दर महिन्याला परत टाकली तर काय होईल, ते मुलांनीच काढले. एका महिन्यात न लागण्याची संभाव्यता ११/१२. वर्षभर एकदाही न लागण्याची (११/१२) चा बारावा घात, सुमारे ०.३५. बारा जणींपैकी सरासरी चार जणींना वर्षभर पैसे भरूनही काहीच नाही आणि कोणाला दोनदा, क्वचित तिनदा. भिशी पहिल्याच वर्षी मोडेल. सगळ्यांना एकेकदा मिळावे हीच तिची अट आहे, म्हणून चिठ्ठी बाहेर ठेवतात. ज्या कोणी बाईने हे पहिल्यांदा ठरवले तिला व्यवहार नेमका कळला होता.

डावखुऱ्याने आणखी एक विचारले : मग आधी निघणाऱ्यांचा फायदा का? हे सोडवायला मुलांना वेळ लागला. तिसऱ्या महिन्यात लागायचे तर पहिल्या दोन्ही महिन्यांत लागायला नको : ११/१२ × १०/११ × १/१० = १/१२. कोणत्याही महिन्याचे असेच येते. सुरुवातीला बघितले तर बाराही जणी सारख्या. इथेही गुणाकारच आहे, पण दर पायरीवर अपूर्णांक बदलत जातो. घटना स्वतंत्र नसल्या की गुणाकार थांबत नाही, फक्त प्रत्येक अपूर्णांक मागचे काय झाले ते विचारून लिहावा लागतो.

शनिवार, ३० नोव्हेंबर

तक्त्यासाठी दोन माणसांची माहिती मुलांना दिली.

पहिला याकोब बर्नोली, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा गणितज्ञ. १७०५ साली तो वारला, त्याचा संभाव्यतेवरचा ग्रंथ १७१३ साली छापला गेला. त्यात एक कलश आहे. आत ३००० पांढरे खडे आणि २००० काळे, काढणाऱ्याला मात्र हे माहीत नाही. एक खडा काढायचा, बघायचा, पुढचा काढण्याआधी परत टाकायचा, म्हणजे आतली संख्या कमी होणार नाही. असे कितीदा केले म्हणजे ३ : २ हे प्रमाण पुरेशा खात्रीने कळेल? प्रमाण २९/५० ते ३१/५० यांच्या दरम्यान सापडण्याची शक्यता बाहेर जाण्याच्या हजारपट हवी असेल तर २५,५५० वेळा, असे त्याने गणिताने काढले. आमची ३० आणि २० बटणे त्याच प्रमाणात आहेत. ते मी पहिल्या दिवसापासून मनात धरूनच मागवले होते, मुलांना आज सांगितले. बर्नोलीची रीत फार सावध होती. आजच्या पद्धतीने त्याच खात्रीला सुमारे साडेसहा हजार खेपा पुरतात. मुलांनी लगेच हिशेब केला : वीस सेकंदांनी एक बटण धरले तर २५,५५० खेपांना १४२ तास लागतात. हा आकडा त्यांनी आदराने उच्चारला, कारण ४०० खेपांना मनगट कसे दुखते ते त्यांना माहीत आहे.

दुसरे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. लंडनला संख्याशास्त्र शिकून आले आणि १९४० च्या दशकात देशातल्या पिकांचे उत्पन्न नमुना पद्धतीने मोजण्याचे काम त्यांनी उभे केले. शेतात यादृच्छिक पद्धतीने एक तुकडा निवडायचा, त्यातले पीक कापून तोलायचे आणि त्यावरून सगळ्या भागाचा अंदाज बांधायचा. तुकडा केवढा असावा यावर त्या काळी मोठा वाद होता. कोलकात्याचे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता, कारण कमी खर्चात जास्त तुकडे घेता येतात. तुकडा फार लहान असला की उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते, हे सुखात्म्यांनी दाखवले आणि १९४६ साली ते प्रसिद्ध केले. तुकडा लहान तशी त्याच्या मानाने कड मोठी. कडेवरचे पिकाचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. जागा अगदी यादृच्छिक निवडलेली असते, सूत्र निर्दोष असते, आणि चूक विळ्यापाशी होते.

डावखुरा मुलगा हे ऐकताना स्वतःच्या बोटांकडे बघत होता. त्याच्या घरी ज्वारी आहे. पीक कापणी प्रयोगाला माणसे येतात, दोऱ्या बांधून १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा आखतात, हे त्याने पाहिलेले आहे. तुकडा एवढा मोठा का, हे त्याला आज कळले. रब्बीची कापणी आली की कडेची ताटे कशी धरतात ते बघून येतो म्हणाला.

मंगळवार, ३ डिसेंबर

‘दहा वेळाच का?’ हा प्रश्न वहीवालीने आज विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. पिशवी आणि आकडे घातलेली बटणे होतीच. प्रत्येकी ६० जोड्या काढल्या आणि लगेच तेच बटण किती वेळा आले ते मोजले. दोनदा उलटीपालटी करून ७. पाचदा करून २. दहादा करून १. अपेक्षा एखाद-दुसऱ्याची.

दोनदा पुरत नाही हे स्पष्ट आहे. पाच आणि दहा यांतला फरक ६० जोड्यांत ओळखता येणार नाही. त्यासाठी पुष्कळ जास्त जोड्या लागतील. म्हणून पद्धतीत दहाच ठेवले.

वहीत आता पाच रकाने आहेत : क्रमांक, पहिले बटण, दुसरे बटण, परत ठेवले, सरमिसळ. शेवटच्या रकान्यात नुसती खूण करायची नाही. ज्याने पिशवी हलवली त्याने आपल्या नावाचे पहिले अक्षर लिहायचे. १६ तारखेच्या पानावर हा रकाना नाही. ते पान तक्त्यावर डाव्या बाजूला, २३ तारखेचे उजव्या बाजूला, आणि मधे लाल तिरक्या ओळीचा चौकटीचा कागद.